पुनरुज्जीवनाचा निधी आणि लहान संस्थेचा दोर

व्याख्यानमालेच्या निमित्ताने निघणाऱ्या या पुस्तिकेत बहुधा साहित्य, इतिहास किंवा शिक्षण यांपैकी एखाद्या विषयावरील लेख असतो. यंदा विषय थोडा रुक्ष आहे. देशावर आर्थिक संकट कोसळले असता सरकार अर्थव्यवस्था सावरण्यासाठी जो निधी जाहीर करते, तो सेवाभावी संस्थांना आणि गावांना व वस्त्यांना कसा शोधता येतो, कसा मिळतो आणि पुष्कळदा का मिळत नाही, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. विषय रुक्ष खरा. परंतु ज्या शाळेची पहिली इमारत लोकवर्गणीतून उभी राहिली आणि ज्या शाळेच्या शिक्षकांनी अनुदानाची वाट पाहत अपुऱ्या वेतनावर महिनेच्या महिने काढले, त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना त्याचे महत्त्व निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या खोलीतील कपाट अनेकांना आठवत असेल. त्यात तीन वह्या कायम हाताशी असत: जमाखर्चाची, आवक-जावक पत्रांची आणि सभांच्या इतिवृत्तांची. आम्हां मुलांना त्या वह्यांचे कौतुक वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पुढे निरनिराळ्या संस्थांच्या कामात पडल्यावर त्या वह्यांचा अर्थ हळूहळू उलगडत गेला.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. आर्थिक पुनरुज्जीवनाच्या निधीची गोष्ट मात्र काहीशी उलटी आहे. तेथे आडात पाणी भरपूर असते, ते आहे हे सर्वांना ठाऊकही असते. आखूड पडतो तो आपला दोर. हा दोर कशाचा वळलेला असतो, हे समजून घेण्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण तपासणे बरे. ते आहे अमेरिकेतील २००९ सालच्या पुनरुज्जीवन कायद्याचे. इतक्या दूरचे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, त्या निधीतील अनुदानांचा व कंत्राटांचा हिशेब दर तीन महिन्यांनी जनतेसमोर मांडावा, असे बंधन त्या कायद्यानेच घातले होते. त्यामुळे पैसा कोणत्या वाटेने गेला आणि कोठे अडला, हे बऱ्याच तपशिलाने पाहता येते. शिवाय आपले अनेक माजी विद्यार्थी आज त्या देशात राहतात आणि तेथील सार्वजनिक संस्थांत भाग घेतात. त्यांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

कायदा आणि त्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत मंदीची सुरुवात डिसेंबर २००७ मध्ये झाली, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांच्या अधिकृत मानल्या जाणाऱ्या समितीने ठरविले आहे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली आणि संकटाने उग्र रूप धारण केले. घरांची कर्जे थकली, कारखाने बंद पडू लागले, आणि ऑक्टोबर २००९ पर्यंत बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले. सेवाभावी संस्थांची स्थिती अशा वेळी दुहेरी अडचणीची होते. दारावर येणाऱ्या गरजूंची संख्या वाढते आणि देणगीदारांचा हात आखडतो.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी डेन्व्हर शहरात या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याचा खर्च आरंभी ७८७ अब्ज डॉलर धरण्यात आला होता. पुढे अमेरिकन संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने तो ८३१ अब्ज डॉलरपर्यंत वाढवून सांगितला. हा आकडा ऐकून सामान्य नागरिकाची समजूत अशी झाली की, एवढी सारी रक्कम वाटण्यासाठी ठेवलेली आहे. वस्तुस्थिती निराळी होती. मूळ अंदाजातील सुमारे २८८ अब्ज डॉलर ही करांतील सवलत होती, सुमारे २२४ अब्ज डॉलर बेकारभत्ता व आरोग्यसाहाय्य यांसारख्या हक्काच्या लाभांसाठी होते, आणि अनुदाने, कंत्राटे व कर्जे यांसाठी सुमारे २७५ अब्ज डॉलर उरत होते. या शेवटच्या भागातही रस्ते, वीजवाहिन्या व मोठी बांधकामे होतीच. सेवाभावी संस्थेने निधी शोधावयास निघताना करावयाचे पहिले काम हेच: जाहीर झालेल्या मोठ्या आकड्यातून आपल्याशी संबंध नसलेला भाग वजा करावयाचा.

वजाबाकीनंतर जे उरले तेही लहान नव्हते. गरिबांच्या घरांना थंडी-वाऱ्यापासून संरक्षण देऊन त्यांचा इंधनखर्च कमी करण्याच्या योजनेला ५ अब्ज डॉलर मिळाले. बेघर होण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबांसाठी दीड अब्ज, लोकवस्त्यांतील आरोग्यकेंद्रांसाठी २ अब्ज, दारिद्र्यनिवारणाचे काम करणाऱ्या स्थानिक संस्थांसाठी १ अब्ज, आणि कलासंस्थांतील नोकऱ्या टिकविण्यासाठी ५ कोटी डॉलर ठेवण्यात आले. लहान संस्थांना आर्थिक व्यवहाराचे शिक्षण देऊन समर्थ करण्यासाठी म्हणूनही ५ कोटी डॉलरची एक स्वतंत्र योजना होती.

पैसा कोणत्या पायऱ्यांनी उतरतो

सरकारी निधी शोधणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावयास हवी. केंद्र सरकारचा पैसा क्वचितच थेट लहान संस्थेच्या हाती येतो. तो पायरीपायरीने उतरतो, आणि आपली संस्था कोणत्या पायरीवर उभी आहे हे ज्याला कळले त्याचा निम्मा शोध संपला.

पहिला प्रकार सूत्रबद्ध अनुदानाचा. लोकसंख्या, दारिद्र्य, घरांची स्थिती अशा निकषांचे सूत्र कायद्यात किंवा नियमांत ठरलेले असते आणि त्यानुसार राज्यांना, मोठ्या शहरांना व काउंटींना त्यांचा वाटा मिळतो. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा समजावा. या पैशासाठी सेवाभावी संस्थेने राजधानी वॉशिंग्टनला अर्ज करून काहीच उपयोग नसतो. तिने आपल्या नगरपालिकेचे किंवा राज्याच्या खात्याचे दार ठोठवावयाचे असते. बेघरांसाठीचा उपरोक्त दीड अब्जांचा निधी असाच होता. तो गृहनिर्माण व नगरविकास खात्याने राज्ये, शहरे व काउंटी मिळून सुमारे ५३५ अनुदानग्राहींना दिला. घरभाड्याची मदत, समुपदेशन, नव्या घराचा शोध ही प्रत्यक्ष कामे त्यांनी बहुतांशी स्थानिक संस्थांकडे सोपविली.

दुसरा प्रकार स्पर्धात्मक अनुदानाचा. येथे संस्था स्वतः अर्ज करू शकते, परंतु तिची गाठ देशभरातील अर्जदारांशी असते. ओस पडलेल्या वस्त्या सावरण्यासाठी सुमारे २ अब्ज डॉलरची अशी एक योजना होती. जानेवारी २०१० मध्ये तिचा निकाल लागला तेव्हा ५६ अर्जदारांना निधी मिळाला. एकूण मागणी मात्र उपलब्ध रकमेच्या कित्येक पट होती. जे यशस्वी झाले त्यांच्यात अनेक संस्थांनी व स्थानिक शासनांनी एकत्र येऊन केलेले संयुक्त अर्जही होते.

तिसरा प्रकार लाभार्थ्याच्या मार्फत येणारा. सरकार अन्नसाहाय्य किंवा बेकारभत्ता व्यक्तीला देते. संस्थेला त्यातून काही मिळत नाही. तरीही ज्या वस्तीत संस्था काम करते, तेथील दोनशे कुटुंबांना त्यांच्या हक्काचे साहाय्य मिळवून देणे हाही त्या वस्तीसाठी निधी आणण्याचाच मार्ग आहे. संस्था स्वतःच्या अनुदानामागे धावताना हा मार्ग विसरतात, आणि वस्तीच्या दृष्टीने पाहता पुष्कळदा तोच सर्वांत मोठा असतो.

हे तीन प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत एक सोय फार पूर्वीपासून आहे. केंद्र सरकारच्या प्रत्येक साहाय्य-योजनेला एक क्रमांक असतो व त्या सर्वांची सूची प्रसिद्ध केलेली असते. सूचीत योजनेचा उद्देश, पात्र अर्जदार, पैसा सूत्राने मिळतो की स्पर्धेने, खर्चावरील बंधने इत्यादी माहिती एका ठिकाणी सापडते. वृत्तपत्रातील मथळा वाचून धावत सुटण्यापेक्षा ही सूची वाचणे केव्हाही शहाणपणाचे. मथळ्यात रक्कम असते, सूचीत पात्रता असते.

साठ दिवसांचा अवधी

आता दोर आखूड कसा पडतो ते पाहू. बेघरांसाठीच्या योजनेची सूचना १९ मार्च २००९ रोजी निघाली आणि शहरांनी व राज्यांनी आपले अर्ज १८ मेपर्यंत पाठवावयाचे होते. म्हणजे अवघे साठ दिवस. एरवी अशा योजनांवर नागरिकांचे म्हणणे ऐकण्यासाठी ३० दिवस द्यावे लागत. या वेळी ती मुदत किमान १२ दिवसांवर आणण्यात आली. संकट तातडीचे होते, त्यामुळे घाईला कारण होते. पण याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना करावी. नगरपालिकेच्या सूचनाफलकावर कागद लागला, बारा दिवसांत उतरला, आणि ज्या संस्थेचा कार्यकर्ता त्या आठवड्यांत त्या कार्यालयाकडे फिरकला नाही, तिला योजना होती हेच तिचे पैसे वाटून झाल्यावर कळले.

अर्जाच्या खिडकीशी आणखी एक अडथळा होता. थेट अर्ज करणाऱ्या संस्थेला प्रथम नऊ अंकी डन्स क्रमांक घ्यावा लागे, नंतर केंद्रीय कंत्राटदार नोंदवहीत नाव नोंदवावे लागे, आणि त्यानंतर ग्रँट्स डॉट गव्ह या संगणकीय केंद्रावर आपला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागे. यांपैकी कशालाच पैसे पडत नसत. मात्र वेळ लागे, आणि नोंदणी दरवर्षी ताजी करावी लागे. आधीच नोंदलेल्या संस्थेच्या दृष्टीने हे एका दुपारचे काम होते. नव्या संस्थेच्या मात्र मुदतीतले कित्येक दिवस त्यातच जात. त्यातच २००९ च्या मार्चमध्ये ग्रँट्स डॉट गव्ह या यंत्रणेवर एवढा भार येऊ लागला की, राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाला सर्व खात्यांना अर्ज स्वीकारण्याचे पर्यायी मार्ग शोधण्यास सांगावे लागले.

या व्यवस्थेत पुढे बदल झाले. २०१२ मध्ये ती जुनी नोंदवही सॅम या नव्या यंत्रणेत विलीन झाली, आणि एप्रिल २०२२ पासून डन्स क्रमांकाऐवजी सरकारचा स्वतःचा बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक लागू झाला. नावे बदलली तरी तत्त्व तेच राहिले: नोंदणी योजना निघाल्यावर करावयाची नसते, ती योजना निघण्यापूर्वी झालेली असावी लागते.

कलासंस्थांच्या निधीत तर हे तत्त्व उघडच मांडले होते. थेट अनुदानासाठी अर्ज करण्याची मुभा फक्त त्याच संस्थांना होती, ज्यांना त्या राष्ट्रीय कलानिधीकडून मागील चार वर्षांत एखादे अनुदान मिळालेले होते. घाईच्या वेळी तपासून घेतलेल्या संस्थांनाच पैसा द्यावा, हा विचार प्रशासनाच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. नव्या किंवा आजवर कोणाच्या नजरेत न आलेल्या संस्थेला मात्र त्या दारावर थांबण्यातही अर्थ नव्हता.

घरांच्या योजनेचा धडा

थंडीपासून घरे राखण्याची योजना पुनरुज्जीवन कायद्यातील सर्वांत बोधप्रद म्हणावी लागेल. हे काम देशभर पसरलेल्या सुमारे एक हजार लोककृती संस्था प्रामुख्याने करतात. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून या संस्थांचा जन्म झाला. त्यांच्यात बहुसंख्य सेवाभावी संस्थाच आहेत. त्यांना अनुभव होता, माणसे होती, आणि आता पैसाही भरपूर आला. कुटुंबाच्या पात्रतेची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांवरून २०० टक्के केली गेली आणि एका घरावरील सरासरी खर्चाची मर्यादा २,५०० डॉलरवरून ६,५०० डॉलरवर नेली गेली.

तरीही काम अडले. या योजनेला पूर्वी लागू नसलेला १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा आता लागू झाला. त्यानुसार सरकारी पैशाच्या बांधकामावरील मजुरांना त्या भागातील प्रचलित दराने वेतन द्यावे लागते. मजुरांच्या हिताचा हा नियम योग्यच होता. पण भिंतीत आवरण भरणाऱ्या किंवा दारे-खिडक्यांच्या फटी बुजविणाऱ्या कामगाराचा प्रचलित दर काय, हे आजवर कोणी ठरविलेलेच नव्हते. मजूर खात्याने प्रत्येक काउंटीचे दर ठरवीपर्यंत कित्येक राज्यांनी कामे हाती घेतली नाहीत. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण तिकडेही खरी ठरली. फेब्रुवारी २०१० मध्ये ऊर्जा खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला तेव्हा, कायदा होऊन वर्ष उलटले तरी राज्यांना दिलेल्या रकमेपैकी दहा टक्क्यांहूनही कमी खर्च झाली होती.

नंतर मात्र कामाने वेग घेतला आणि २०११ च्या अखेरीस सहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली, निधी मंजूर होणे आणि निधी खर्च करता येणे यांत मोठे अंतर असू शकते. त्या अंतरात नेमलेल्या माणसांचे वेतन कोठून द्यावयाचे, याचा विचार संस्थेने आधी केला पाहिजे. दुसरी, जुन्या योजनेत नवा पैसा येतो तेव्हा नवे नियमही येतात; मागील वर्षीच्या अनुभवावर विसंबून चालत नाही. तिसरी, इतक्या अडचणींनंतरही काम पुरे झाले ते १९६४ पासून उभ्या असलेल्या संस्थांमुळेच. संकटाच्या वर्षी नवी संस्था उभारून हे काम झाले नसते. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही.

हिशेबाचे ओझे

निधी मिळाला की काम संपत नाही. खरे तर तेथून ते सुरू होते. पुनरुज्जीवन कायद्याच्या १५१२ व्या कलमानुसार निधी घेणाऱ्याने तिमाही संपल्यापासून दहा दिवसांच्या आत किती पैसा आला, किती खर्चला, कामाची स्थिती काय आणि किती नोकऱ्या निर्माण झाल्या किंवा टिकल्या, हे कळवावयाचे होते. ही सारी माहिती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली जाई. देखरेखीसाठी अर्ल डेव्हेनी यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र मंडळ नेमले होते.

ऑक्टोबर २००९ मध्ये पहिले अहवाल आले आणि त्यांतून एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांत नोकऱ्या निर्माण झाल्याच्या नोंदी त्यांत होत्या. ॲरिझोना राज्यात त्या वेळी संसदेचे आठच मतदारसंघ होते, पण नोंद झाली होती पंधराव्या मतदारसंघात! वृत्तपत्रांनी व दूरदर्शन वाहिन्यांनी त्यावर बरीच टीका केली. चौकशीत दिसले ते एवढेच की, माहिती भरणाऱ्यांनी रकाना चुकीचा भरला होता. पैसा योग्य ठिकाणी गेला असतानाही एका रकान्याने संशयाचे कारण निर्माण झाले. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत प्रामाणिक असणे आणि तसे कागदावर दाखविता येणे, ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि संस्थेला दोन्ही पार पाडावी लागतात.

याशिवाय वर्षाकाठी ठराविक रकमेपेक्षा जास्त केंद्रीय निधी खर्च करणाऱ्या संस्थेचे विशेष लेखापरीक्षण करावे लागते. ही मर्यादा २००९ मध्ये ५ लाख डॉलर होती. पुढे ती साडेसात लाख झाली आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी वा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून १० लाख डॉलर करण्यात आली. मर्यादा ओलांडणाऱ्या लहान संस्थेला लेखापालाचा खर्च परवडेल काय, हा प्रश्न अर्ज करण्यापूर्वीच विचारावयाचा असतो. बेघरांच्या योजनेत प्रशासकीय खर्चाला एकूण रकमेच्या पाच टक्क्यांचीच मुभा होती, आणि ते पाच टक्केही शहराने व संस्थेने वाटून घ्यावयाचे होते. अनेक अनुदाने तर खर्च केल्यानंतर, पावत्या दाखवून परत मिळतात. ज्या संस्थेकडे दोन महिने पदरचे पैसे घालण्याची ताकद नाही, तिला मंजूर झालेले अनुदानही संकटात टाकू शकते.

जे मागे राहिले

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वरील सर्व अटी एकत्र ठेवल्या तर असे दिसते की, निधी त्यांनाच सुलभ होतो ज्यांच्याकडे लेखनिक आहे, लेखापाल आहे, नोंदणी आहे आणि कार्यालयात ओळख आहे. ज्या वस्तीत गरज सर्वांत तीव्र, तेथील संस्थेत यांपैकी बहुधा काहीच नसते. एक बाई आपल्या घराच्या पडवीत चाळीस मुलांना जेवू घालते. तिला पंधरा पानी अर्ज भरता येत नाही, म्हणून तिचे काम कमी मोलाचे ठरत नाही. पण सरकारी पैसा मोल पाहून येत नाही, तो कागद पाहून येतो. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवा हेही खरे, आणि हिशेबाच्या चाळणीत गरजूच गळून पडतो हेही खरे. या पेचातून मार्ग कसा काढावयाचा?

अमेरिकेत त्यावर एक उपाय योजला गेला. लहान संस्थांना समर्थ करण्यासाठी ठेवलेल्या ५ कोटी डॉलरच्या योजनेत अनुदान एका अनुभवी मध्यस्थ संस्थेला दिले जाई. तिने आपल्या भागातील लहान संस्थांना हिशेब, नोंदणी व अर्जलेखन यांचे शिक्षण द्यावयाचे आणि त्याबरोबर निधीचा काही भागही त्यांना द्यावयाचा. म्हणजे मोठ्या संस्थेने आपला दोर लहानीच्या हाती द्यावयाचा. रक्कम एकूण निधीच्या मानाने अगदी किरकोळ होती, तरी तिच्यामागील विचार मोठा होता.

या विचाराची खरी कसोटी लागली ती करोनाच्या साथीत. २७ मार्च २०२० च्या कायद्याने पगार चालू ठेवणाऱ्या लहान उद्योगांना व सेवाभावी संस्थांना माफ होऊ शकणारी कर्जे देऊ केली. पहिला ३४९ अब्ज डॉलरचा हप्ता ३ एप्रिलला खुला झाला आणि १६ एप्रिलला संपला. कर्जे बँकांमार्फत होती, त्यामुळे बँकेशी जुना व्यवहार असलेल्यांचे काम आधी झाले. पुढील हप्त्यात ६० अब्ज डॉलर लहान व मध्यम वित्तसंस्थांसाठी बाजूस काढून ठेवावे लागले. चूक तीच होती, पण ती या वेळी काही आठवड्यांत ओळखली गेली.

११ मार्च २०२१ च्या पुढील कायद्याने राज्ये, शहरे, काउंटी व मूळ रहिवाशांच्या जमातींची शासने यांना ३५० अब्ज डॉलर दिले. ते कामाला बांधून टाकण्यासाठी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आणि प्रत्यक्ष खर्चण्यासाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत ठेवली. २००९ च्या घाईच्या तुलनेत हा अवधी बराच ऐसपैस होता. त्याच्या नियमांत एक भेदही स्पष्ट केला गेला. स्वतः संकटात सापडलेल्या संस्थेला मदत मिळाली तर ती लाभार्थी. तिला त्या रकमेसाठी विशेष लेखापरीक्षणाचे बंधन नाही. सरकारच्या वतीने दुसऱ्यांना सेवा देण्यासाठी पैसा घेतला तर ती उप-अनुदानग्राही. तिला सर्व नियम लागू. कोणत्या नात्याने आपण पैसा घेत आहोत, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारणे किती अगत्याचे आहे, ते यावरून दिसून येईल.

तात्पुरता पैसा, कायमचा खर्च

पुनरुज्जीवनाचा निधी एकदाच येतो. हे सर्वांना माहीत असते आणि सर्वच विसरतात. बेघरांसाठीचा निधी तीन वर्षांत संपवावयाचा होता. त्यातून सुमारे १३ लाख लोकांना साहाय्य मिळाले, आणि नंतर तो थांबला. अशा पैशातून कायमची माणसे नेमणाऱ्या किंवा मोठी जागा भाड्याने घेणाऱ्या संस्थेला चौथ्या वर्षी मोठाच पेच पडतो. म्हणून अशा निधीतून एकदाच करावयाची कामे करावीत: छप्पर दुरुस्त करावे, कार्यकर्त्यांना शिक्षण द्यावे, जुने देणे फेडावे, नोंदवह्या व हिशेबपद्धती सुधारावी. नित्याच्या कामासाठी नित्याची वर्गणीच हवी. लोकवर्गणी ही संस्थेची भाकरी. सरकारी निधी हे पाहुण्याने आणलेले पक्वान्न समजावे.

आपल्यापुरते

आपल्या देशातही १२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी २० लाख कोटी रुपयांच्या पॅकेजची घोषणा केली, तेव्हा अनेक संस्थाचालकांनी आपल्या वाट्याला काय येणार असे विचारले होते. त्या रकमेचा बराच भाग कर्जे, कर्जहमी व बँकांना पुरविलेली तरलता यांचा होता. म्हणजे येथेही पहिला धडा वजाबाकीचाच. केंद्राच्या अनुदानासाठी अर्ज करावयाचा तर नीती आयोगाच्या दर्पण नोंदणीचा क्रमांक लागतो, आयकर खात्याकडील नोंदणी मुदतीवर ताजी ठेवावी लागते, आणि मिळालेल्या पैशाचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. महाराष्ट्राबाहेरील आपल्यासारख्या मराठी संस्थांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपली इतिवृत्ते व घटना पुष्कळदा मराठीत असतात आणि राज्याची कार्यालये हिंदी, कन्नड, गुजराती किंवा तेलुगू भाषेत चालतात. त्या कागदांचे प्रमाणित भाषांतर तयार नसल्याने अर्जाला उशीर होणे, हे अगदी टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

या संदर्भात माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी कोणी लेखापाल आहेत, कोणी वकील, कोणी सरकारी सेवेतून निवृत्त झालेले. शहरातील वाचनालये, बालवाड्या, महिला मंडळे व व्यायामशाळा यांच्यापैकी अनेकांकडे दोर नाही. महिन्यातून एक रविवार दोन तास शाळेच्या एखाद्या वर्गात बसून त्यांच्या नोंदणीचे व हिशेबाचे कागद नीट लावून दिले, तर पुढील संकटाच्या वेळी त्या संस्था खिडकीशी रिकाम्या हाताने उभ्या राहणार नाहीत. अमेरिकेने ज्यासाठी कोट्यवधी डॉलरची योजना आखली, ते काम करण्यास आपल्याला एक वर्ग, एक फळा आणि थोडी चिकाटी पुरेल.

आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाटातील त्या तीन वह्यांचा अर्थ तो हाच. एकदा एका सहकाऱ्याने त्यांना विचारले होते, की अनुदान येण्याचे काही चिन्ह नसताना आपण रोज संध्याकाळी हा जमाखर्च कशासाठी लिहून काढता? ते म्हणाले, की अनुदान येईल त्या दिवशी लिहावयास बसलो तर उशीर होईल. पुढे ते अनुदान आले तेव्हा तपासनीस एका दिवसात तपासणी आटोपून गेले, असे त्या वेळचे शिक्षक सांगत. शाळा त्या वर्षी बंद पडली नाही, म्हणून आपण आज या सभागृहात जमलो आहोत.